घरी पेशंट सांभाळायचा तर आधी सांगा, मग हात लावा

नवीन ड्युटी धरणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. आदल्या रात्री ब्युरोतून, म्हणजे घरोघरी पेशंट सांभाळायला माणसं पाठवणाऱ्या एजन्सीतून, फोन येतो, "आजोबा आहेत, पॅरालिसिस आहे, सकाळी आठला पोच", आणि बस एवढ्यावर आपण अनोळखी घरात जाऊन अनोळखी माणसाचे कपडे बदलायला लागतो. पुण्यात चौदा वर्षं हेच काम करतेय. सुरुवातीला माझ्या हातून जे झालं ते आधी सांगते, कारण बाकी सगळं मी त्यातूनच शिकले.

आजोबांची उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. मी घाईत त्यांचा उजवा हात धरला आणि ओढून बसवलं. त्यांच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, मला वाटलं डोळे आले असतील, मी ओल्या कापसाने पुसले पण. दुपारी फिजिओवाल्या ताई आल्या, त्यांनी खांद्याला हात लावला आणि मला बाजूला बोलवलं. लकव्यात खांद्याचे स्नायू लुळे पडतात, नुसत्या हाताच्या वजनाने सांधा खाली उतरतो, त्यात तू ओढतेस म्हणाल्या. त्या माणसाला सगळं कळत होतं गं, फक्त बोलता येत नव्हतं. उजवी बाजू गेली की बऱ्याच जणांची वाचा जाते पण समज राहिलेली असू शकते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम एकच. हात लावायच्या आधी पेशंटच्या नजरेसमोर यायचं, नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं आणि क्षणभर थांबायचं. "आजोबा, आता डाव्या कुशीवर वळवते हां." पापणी हलेल, हुंकार येईल, मान हलेल, काहीतरी उत्तर येतंच. बेशुद्ध असला तरी सांगायचं.

आता बसवायचं कसं ते बघा. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, कुशीवर वळवायचं, पाय बेडच्या कडेवरून खाली सोडायचे, मग आपला एक हात खांद्याच्या मागे पाठीच्या फऱ्याखाली आणि दुसरा कमरेला, आणि एक-दोन-तीन म्हणून उचलायचं. लुळ्या हाताखाली उशी. काखेत हात घालून उचलायचं नाही, हात धरून तर नाहीच. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची म्हणजे तो पेशंट स्वतः जोर देतो. व्हीलचेअरचे ब्रेक आधी लावा. आणि आपले गुडघे वाकवा, कंबर नको, कंबर गेली की ड्युटी गेली. शर्ट घालताना आधी लुळा हात, काढताना शेवटी लुळा हात, एवढं पाठ करा.

बेडसोरबद्दल, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांबद्दल, जरा जास्त लिहिते कारण ह्यातच सगळ्यात जास्त हयगय होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, वहीत वेळ लिहायची. पूर्ण कुशीवर वळवायची गरज नाही, पाठीमागे उशी लावून थोडं कललेलं पुरतं. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, डोक्याची मागची बाजू, ह्या जागा रोज उजेडात बघायच्या. लाल दिसलं तर बोट दाबून सोडा, पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक, पण पांढरं होतच नसेल तर आत इजा सुरू झाली, त्या बाजूवर झोपवायचं नाही आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगायचं. आपल्याकडे सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, मग आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागतंय का ते हाताने बघा. लाल जागेवर स्पिरिट लावून चोळू नका, घरातली मोठी माणसं हमखास सांगतात पण चोळल्याने आतलं अजून फाटतं. टाचा हवेत राहतील अशी पोटरीखाली उशी द्या. एअरबेड आणला म्हणजे कूस बदलायची सुट्टी मिळाली असं नाही. चादरीची एक सुरकुती, बिस्किटाचा चुरा, एवढं पण टोचतं त्या कातडीला.

अंग पुसणं. वन बीएचकेत बेड हॉलमध्येच असतो, येणारे-जाणारे, टीव्ही चालू. आपण सांगायचं, "दहा मिनिटं दार लोटून घेते." एका वेळी एकच भाग उघडा, बाकी चादर अंगावर. पाहुणे बसलेले असताना "डायपर भरलाय" असं ओरडायचं नाही, जवळ जाऊन कानात विचारायचं. बायकांचं पुसताना पुढून मागे, उलट केलं तर लघवीला इन्फेक्शन होतं. लघवीची पिशवी कायम पोटापेक्षा खालच्या लेव्हलला, पण फरशीवर टेकवायची नाही.

नाही म्हणाले तर? एक आजी रोज स्पंजिंगला हात झटकायच्या, स्मरणशक्ती गेलेली, घरचे म्हणायचे धरून कर. मी तीन दिवस नुसती बघत बसले. चौथ्या दिवशी खुर्चीवर बसवलं, पुढे बादली ठेवली आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः पहिला तांब्या पायावर ओतला, तोंडाने काहीतरी पुटपुटल्या, आणि मग मला पाठ घासू दिली. त्यांच्या लेखी ओल्या फडक्याने पुसणं ही आंघोळच नव्हती. म्हणून जबरदस्ती करू नका, पंधरा मिनिटांनी परत विचारा, दुसऱ्या पद्धतीने विचारा.

भरवताना ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, पहिला घास गिळला हे बघूनच दुसरा. लकव्यात पातळ पाणीच जास्त ठसकतं, दाटसर पेज बरी जाते, किती दाट ते डॉक्टरांना विचारा. आवाज ओलसर, घरघरता झाला तर थांबा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. नाकातून पोटात जाणाऱ्या, जेवण द्यायच्या नळीवरची खूण सरकलेली दिसली तर फीड द्यायचं नाही, नर्सला बोलवायचं. नळी घालणं, इंजेक्शन, ही आपली कामं नाहीत, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी. गोळी कुटून देण्याआधी पण विचारा, काही गोळ्या हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात.

तोंड अचानक वाकडं, हात पडला, बोलणं अडखळलं की घड्याळ बघा आणि १०८ लावा. हा लकव्याचा झटका असू शकतो, त्यातली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून "शेवटचे धड कधी होते" हे डॉक्टर पहिलं विचारतात. शुगरवाला पेशंट घामाघूम, थरथरतोय म्हणजे शुगर उतरली असेल, शुद्धीत आहे तर तीन चमचे साखर पाण्यात. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही नाही.

पेशंटचा फोटो स्टेटसला टाकू नका, चांगल्या भावनेने पण नाही. अंगावर वळ दिसले, माणसाला उपाशी ठेवतायत असं वाटलं, तर ब्युरोला कळवा, ज्येष्ठांसाठी १४५६७ हा नंबर आहे, तिथे बोला.

रात्री आठला दुसरी ताई येते. तिला वही दाखवा, किती प्याले, लघवी किती, शी झाली का, कोणत्या कुशीवर किती वाजल्यापासून. मग तिला बेडजवळ न्या आणि निघायच्या आधी पेशंटला सांगा, "आजोबा, मी जातेय, ह्या सुनीताताई, रात्री ह्या आहेत." त्या लुळ्या हाताच्या आजोबांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी डावा हात उचलून दाराकडे केला, जा म्हणून.