पेटंट मंजूर होताना आणि त्यानंतर: दारव्ह्याजवळच्या एका वेल्डिंग दुकानातला अनुभव

बैलजोडी न सोडता डवऱ्याची (पिकाच्या ओळींतले तण काढायच्या, बैलांनी ओढायच्या औजाराची) पास, म्हणजे जमिनीत चालणारे लोखंडी पाते, एका खिटीने रुंद-अरुंद करता यावी, असा जोड मी आमच्या वेल्डिंगच्या दुकानात तयार केला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याचा पेटंट अर्ज मुंबई कार्यालयाकडे ऑनलाइन दाखल केला. अर्ज कसा करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून येथे केवळ त्यापुढचे लिहितो.

अर्जाची तपासणी आपोआप होत नाही. त्यासाठी फॉर्म १८ आणि व्यक्तिगत अर्जदाराला ४,००० रुपये भरावे लागतात. पूर्वी त्याला ४८ महिने मिळत; १५ मार्च २०२४ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना ३१ महिनेच मिळतात, आणि मुदत चुकली तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते.

तपासणी अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते. अर्जात शोधाच्या ज्या भागांवर हक्क मागतो त्यांना दावे म्हणतात; माझा शेवटचा दावा ‘डवरणीची पद्धत’ असा लिहिलेला होता आणि शेतीच्या पद्धतीला पेटंट कायद्याच्या कलम ३(एच) नुसार पेटंट मिळत नाही, हे मला तोवर माहीत नव्हते. सुनावणी व्हिडिओवर झाली. त्या दिवशी गावात लाइन नव्हती, म्हणून मी मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून बसलो होतो. आधीच्या डवऱ्यांपेक्षा यात वेगळे काय, असे नियंत्रकांनी (अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्यांनी) विचारले तेव्हा बोलण्याऐवजी मी खिटी कॅमेऱ्यासमोर धरून दोनदा सरकवून दाखवली. सुनावणीनंतर लेखी म्हणणे १५ दिवसांत द्यायचे असते. त्यात तो दावा मी काढून टाकला, आणि ते योग्यच झाले, कारण खरी वस्तू खिटीच होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रमाणपत्र ईमेलने आले. मंजुरीसाठी वेगळे शुल्क नसते, आणि माझ्या एजंटाने ‘काम झाले’ एवढेच कळवले. प्रत्यक्षात पेटंट चालू ठेवण्याचे नूतनीकरण शुल्क अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासून लागते, आणि मंजुरीला उशीर झाला असेल तर थकलेल्या सर्व वर्षांचे शुल्क पेटंटची नोंदणीपुस्तकात नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरावे लागते. माझ्याकडे तिसरे, चौथे आणि पाचवे अशी तीन वर्षे, प्रत्येकी ८०० प्रमाणे २,४०० रुपये निघत होते. हे मला स्वतः नियम वाचताना कळले, तेव्हा मुदतीचे नऊ दिवस उरले होते. ती वाढवून घेता येते, पण त्याचे पैसे वेगळे पडतात.

व्यक्तिगत पेटंटधारकाला सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि विसाव्यापर्यंत ८,००० रुपये, म्हणजे एकूण ७६,८०० रुपये लागतात. मोठ्या कंपनीला याच्या पाचपट पडतात. किमान चार वर्षांचे शुल्क ऑनलाइन आगाऊ भरले तर १० टक्के सूट मिळते. कपाशीचे पैसे हाती आले की मी तसेच भरणार आहे. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर कोणीही हितसंबंधित व्यक्ती विरोध नोंदवू शकते. शोध वापरात आहे की नाही, हे फॉर्म २७ मध्ये दर तीन आर्थिक वर्षांनी एकदा कळवावे लागते, त्यामुळे विकलेल्या प्रत्येक नगाची पावती मी पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलमध्ये लावतो.