जुन्या शेवरले पिकअपला पाच गिअरचा बॉक्स बसवण्याआधी

१९७० च्या आसपासच्या शेवरले सी-१० मधला एसएम४६५ गिअरबॉक्स दणकट, पण शेवटचा चौथा गिअर थेट १:१, म्हणजे इंजिनचे जितके फेरे, तितकेच बॉक्समधून बाहेर. हायवेला इंजिन उगाच ओरडत राहतं. म्हणून बरेच जण एनव्ही४५०० हा पाच गिअरचा बॉक्स बसवतात. त्याचा पाचवा ०.७३, म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे साधारण पाव हिश्श्याने कमी.

बॉक्स चढवण्याआधी एक माप घ्याच. डायल गेज (काट्याने बारीक फरक दाखवणारं माप) इंजिनच्या मागच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर पक्का करा, टोक बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या) मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण फिरवा. काटा एकूण ०.००५ इंचाहून जास्त हलला, तर ऑफसेट डॉवेल पिन लावा, म्हणजे बेल हाउसिंगची जागा किंचित सरकवणाऱ्या, मध्य सोडून बनवलेल्या खुंट्या. पिनचा ऑफसेट दिसलेल्या फरकाच्या निम्मा हवा. इथेच अनेकांची गफलत होते. हे माप घेणं टाळलं की बॉक्सचा इनपुट शाफ्ट तिरका चालतो, त्याचं टोक पेलणारं क्रँकमधलं पायलट बेअरिंग खातो, गिअर अडकतात, आणि दोष मात्र नव्या बॉक्सवर जातो.

बॉक्स बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेलं जीएल-४ दर्जाचं सिंथेटिक गिअर ऑइलच भरा. प्रॉपेलर शाफ्टची (बॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतच्या दांड्याची) लांबी बॉक्स बसल्यावरच मोजा.