होडीच्या सुती कव्हरला साबण-तुरटीचा हात

उजनीच्या फुगवट्यावर होडी ठेवणाऱ्यांचं सुती कॅनव्हासचं कव्हर दोनेक पावसाळ्यांत झिरपायला लागतं. नवं शिवण्याआधी हे करून बघा. सोलापूरचं एप्रिलचं ऊन यासाठी उत्तम.

१. कव्हर नुसत्या पाण्याने, मऊ ब्रशने घासून धुवा. वॉशिंग पावडर अजिबात नको. तिचा अंश कापडात राहिला तर पाणी आणखी शोषलं जातं.
२. कपडे धुण्याच्या साध्या साबणाची अर्धा किलो वडी किसून आठ लिटर गरम पाण्यात विरघळवा. कव्हर त्यात पूर्ण भिजवा, निथळवा, वाळवा. डिटर्जंटची वडी चालत नाही.
३. पाव किलो तुरटी चार लिटर गरम पाण्यात विरघळवून त्यात कव्हर दोन तास बुडवून ठेवा. दोन्ही मिळून धाग्यांत पाण्याला न जुमानणारा थर बसतो.
४. न पिळता, ताणून वाळवा.

शिवणींवर मेणबत्ती घासून लांबून हेअर ड्रायर फिरवा, कारण पाणी आधी सुईच्या भोकांतूनच शिरतं. कव्हरवर टाकलेलं पाणी गोळा होऊन घरंगळलं नाही, तर हात पुन्हा द्या.

नायलॉन-पॉलिस्टरवर हा उपाय लागू पडत नाही. आणि ओलं कव्हर घडी घालून कधीच ठेवू नका, बुरशीने कापड कुजतं.