आडसाली उसाला युरियाचा दुसरा हप्ता टाकताय? आधी पान उलटून बघा

मंडळी, ज्यांची आडसाली लागण जुलैची आहे त्यांचा ऊस आता दीड-दोन महिन्यांचा झाला, पावसानं जरा उघडीप दिली आणि वाफसा आला की सगळ्यांची युरियासाठी पळापळ सुरू होणार. टाकायला पाहिजेच, पण किती आणि कसा टाकला यावर पुढं मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, किती येणार हे बरंचसं ठरतं.

2002 ला आपल्या सांगली भागात लोकरी माव्यानं जे केलं ते ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत, पानाखाली कापूस पिंजून चिकटवल्यासारखं पांढरं आणि वरनं काळी काजळी. तो मावा अजून गेलेला नाही, मधनं मधनं येतोच.

होतं काय, युरियातलं नत्र (नायट्रोजन) जादा झालं की ऊस काळाभोर दिसतो, पान लुसलुशीत होतं, बांधावरनं बघून बरं वाटतं. पण त्या पानाच्या रसात अमिनो आम्लं साठून राहतात, पानही मऊ पडतं, माव्याला सोंड खुपसायला सोपं आणि खायला चंगळ. मावा नराशिवाय थेट पिल्लं घालतो, त्यामुळं खाणं चांगलं मिळालं की बघता बघता पान भरतं. पोटॅश कमी पडला तरी तसंच होतं, कारण त्या अमिनो आम्लांची प्रथिनं व्हायला पोटॅश लागतो, नाहीतर सगळं रसातच पडून राहतं. आपल्याकडं युरिया भरपूर आणि पोटॅश "महाग आहे, पुढच्या वेळी बघू" असं चालतं, हे मला मनापासून खटकतं.

आडसालीची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्र, 170 स्फुरद (फॉस्फरस), 170 पालाश (म्हणजेच पोटॅश). नत्र चार वेळा द्यायचं, लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर देताना, 40. 45 किलोच्या पोत्यात नत्र जेमतेम 20-21 किलो असतं, म्हणजे आत्ताच्या हप्त्याला एकरी साधारण 3 पोती. शेजाऱ्यानं पाच टाकली म्हणून आपण पाच टाकायची नाहीत, माती परीक्षण केलं असेल तर त्याप्रमाणं कमीजास्त करा. आणि फोकून देऊ नका, सरीत टाकून मातीआड करा. माझ्या रानात सरीच्या शेवटाला पाणी तुंबतं, वरचा युरिया वाहून तिथंच येतो आणि दरवर्षी मावा पहिला तिथंच दिसतो.

आठवड्यातनं एकदा आत शिरून खालची पानं उलटून बघा, मधल्या शिरेच्या कडंला पांढरी रेघ आहे का, हाताला चिकट लागतंय का. मावा दिसला म्हणून लगेच पंप काढू नका. त्या लोकरीत जाळी करून अळ्या बसलेल्या असतील तर ती डिफा, मायक्रोमसच्याही अळ्या सापडतात, ह्या दोन्ही मावा खातात. अशी पानं कापून मावा असलेल्या दुसऱ्या सरीत नेऊन अडकवली तरी काम होतं.

पाटण, जावळीकडच्या भातवाल्यांनीही हेच ध्यानात ठेवा, युरियाचा मारा झाला की तपकिरी तुडतुडे, म्हणजे भाताचा रस शोषणारे किडे, बुडाशी गोळा होतात.

पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या) लागणीसाठी शेणखत भरणाऱ्यांनी एक करा, कच्चं शेण रानात नेऊ नका, त्यातनं हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. ढीग फावड्यानं उकरून बघा, इंग्रजी सी सारखी वाकलेली पांढरी अळी दिसली तर वेचून मारा आणि खत पूर्ण कुजल्याशिवाय ट्रॉली भरू नका.