24 तासांची लघवी गोळा करायची आहे? मग पहिली सोडून द्या

नागपूरच्या धंतोलीतल्या एका लॅबच्या काउंटरवर मी 19 वर्षं नमुने घेते. किडन्या किती गाळतात हे पाहायला 24 तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करून आणायला सांगतात. आठवड्यात दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी रिकामा कॅन हातात धरून विचारतं, "ताई, रात्री बारापासून सुरू करू का?" नाही. सकाळी उठल्यावर सुरू करायचं, आणि ती पहिली लघवी कॅनमध्ये न घेता सोडून द्यायची.

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून कारण सांगते. लघवी बनवतात किडन्या, आणि त्या रात्रंदिवस बनवतच असतात. मूत्राशय फक्त साठवतं. सकाळी सहाला होते ती लघवी रात्रभर बनलेली, म्हणजे कालच्या हिशेबातली. ती सोडली की पिशवी रिकामी झाली आणि आपलं घड्याळ सुरू. "सकाळी 6" असं कॅनवर लगेच लिहून टाका. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, सगळी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला, लागली नसली तरी जाऊन यायचं, आणि ही शेवटची मात्र कॅनमध्ये घ्यायची.

एवढी काटेकोर का, ते हिशेबावरून कळेल. प्रत्येक किडनीत साधारण 10 लाख बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. रक्त गाळलं जाताना पेशी आणि बहुतेक प्रथिनं आतच राहतात; पाणी, मीठ, साखर, युरिया खाली उतरतं. पुढच्या नळीत शरीर साखर आणि बहुतेक पाणी-मीठ परत ओढून घेतं. स्नायूंतून येणारं टाकाऊ द्रव्य, क्रिएटिनिन, मात्र परत घेतलं जात नाही, म्हणून ते मोजून गाळणीचा वेग काढता येतो. समजा 24 तासांत 1440 मिली लघवी झाली, म्हणजे मिनिटाला 1 मिली. लघवीत क्रिएटिनिन 100 आणि रक्तात 1, म्हणजे शंभरपट असेल, तर किडन्या मिनिटाला 100 मिली गाळतात. दिवसाचे 144 लिटर! पाण्याचे 20 लिटरचे सात कॅन भरून वर थोडं उरेल, आणि त्यातलं बाहेर पडतं दीड लिटरच्या आत.

आता यातली 360 मिली कुठं तरी राहून गेली, तर उत्तर येतं 75. किडनी तीच, तब्येत तीच, पण कागदावर चौथा हिस्सा गेला. उलट पहिली सकाळची चुकून कॅनमध्ये घेतली आणि तीही 360 भरली, तर 125 येतं आणि खरा आजार झाकला जातो.

माझ्या बाबांचं असंच झालं होतं. मी तेव्हा या कामात नव्हते. इतवारीत त्यांचं दुकान. कॅन घरी आणि माणूस दिवसभर दुकानात. दुपारची दोन वेळची लघवी तिकडेच गेली, कारण कॅन देणाऱ्यानं काही सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट पाहून आईनं महिनाभर नीट जेवण केलं नाही. पुन्हा नीट गोळा केली तेव्हा सगळं बरोबर निघालं. तेव्हापासून वाटतं, कॅन देताना पाच मिनिटं बोलायलाच पाहिजे.

तर, बाहेर जायचं असेल तर तो दिवस घेऊच नका, रविवार बरा. एक वेळची चुकली तर थोडी कमी-जास्त म्हणून चालवून नेऊ नका, लॅबला सांगा आणि नवीन कॅनमध्ये पुन्हा सुरू करा. संडासला जाण्याआधी लघवी वेगळी करून घ्या, नाहीतर ती तिथंच जाते. बायकांनी पाळीचे दिवस टाळावेत. थेट कॅनमध्ये न करता स्वच्छ, कोरड्या मगमध्ये घेऊन ओता. मुतखड्याच्या काही तपासण्यांसाठी कॅनच्या तळाशी अॅसिड घालून देतात. ते पाणी समजून फेकू नका आणि अंगावर उडू देऊ नका.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सावजीचं मटण नको, शिजलेल्या मांसानं क्रिएटिनिन वाढतं. जड व्यायामही नको. पाणी मात्र रोजच्याइतकंच प्या. जास्त भरावं म्हणून मुद्दाम तांब्यावर तांब्या रिचवायची गरज नाही.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, विशेष जपा. आपल्याकडे पारा 45 च्या पुढं जातो. घामावाटे पाणी गेलं की मेंदूतून निघणारं संप्रेरक किडनीला पाणी राखायला लावतं, म्हणून लघवी कमी आणि गडद होते. तेवढ्यानं घाबरू नका. पण त्या उकाड्यात कॅन बाहेर राहिला तर जंतू युरियाचा अमोनिया करतात, उग्र वास सुटतो आणि नमुना बिघडतो. फ्रिजमध्ये ठेवायला घरच्यांचं मन धजत नाही, हे मला कळतं. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून न्हाणीघरात ठेवा, वितळला की बदला.

शेवटची घेतली की संपल्याची वेळ लिहा, झाकण घट्ट लावा आणि त्याच सकाळी पूर्ण कॅन आणा. छोट्या बाटलीत थोडीशी काढून आणू नका, आम्हाला एकूण माप हवं असतं. वजन-उंची सांगा, आणि हात पुढे करा. क्रिएटिनिनसाठी रक्तही तेव्हाच घ्यायचं असतं.