रिसीव्हरचे हात पारखताना: जे चेंडू मी मोजलेच नव्हते

अमेरिकेतील एका विद्यापीठात संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी तेथील फुटबॉल संघाच्या व्हिडिओ विभागात दोन हंगाम बिनपगारी मदतनीस म्हणून काम केले. मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हटले की शाहू स्टेडियम आणि पेठापेठांतली चुरस आठवते, त्यामुळे हातांनी झेलायच्या या दुसऱ्याच फुटबॉलमध्ये मी नेमके काय करतो, हे घरच्यांना शेवटपर्यंत नीटसे उमगले नाही. काम सांगायला सोपे होते: फिल्म पाहायची आणि कोणत्या रिसीव्हरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडून आलेला पास झेलणाऱ्या खेळाडूचे, हात सर्वांत भरवशाचे आहेत ते सांगायचे. इकडे शिकायला येऊन या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना रूट (रिसीव्हरची ठरलेली धाव), टार्गेट (त्याच्या दिशेने टाकलेला पास), कव्हरेज (बचावाची मांडणी) हे सगळे ठाऊक असतेच, म्हणून त्यात वेळ न घालवता मी जिथे आपटलो त्या जागेविषयीच प्रामुख्याने लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ‘ड्रॉप’, म्हणजे झेलता येण्याजोगा असूनही सुटलेला चेंडू, ही एनएफएलची (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगची) अधिकृत आकडेवारी नाही. झेल, यार्ड, टचडाउन यांची नोंद लीग ठेवते. ड्रॉप मात्र वेगवेगळ्या खासगी संस्था आपापल्या व्याख्येप्रमाणे मोजतात, आणि त्या व्याख्येच्या मुळाशी ‘हा चेंडू झेलता येण्याजोगा होता का’ या प्रश्नाला कुणीतरी पडद्यासमोर बसून दिलेले उत्तर असते. त्यामुळे एकाच खेळाडूचे एकाच हंगामातले ड्रॉप दोन ठिकाणी वेगळे दिसले, तर त्यात कोणाची लबाडी शोधू नये. रिसीव्हर लॅरी फिट्झजेराल्डविषयी एक गंमत नेहमी सांगितली जाते की, त्याने सोडलेल्या चेंडूंपेक्षा त्याने केलेले टॅकल (प्रतिस्पर्ध्याला धरून पाडणे, जे खरे तर बचावपटूंचे काम) जास्त होते. 2004 ते 2020 अशी सतरा वर्षे ॲरिझोनाकडून खेळून 1,432 झेल घेणाऱ्या माणसाला ती शोभूनही दिसते. तरीही ती ऐकताच ‘ड्रॉप मोजले कोणी?’ हा प्रश्न तुमच्या मनात उमटला नाही, तर तुम्ही अजून या कामाला तयार झालेला नाही.

टार्गेटपैकी किती टक्के चेंडू झेलले, या आकड्याने नवखे लोक सर्वांत लवकर भुलतात. न्यू ऑर्लिन्सच्या मायकेल थॉमसने 2019 मध्ये 185 टार्गेटपैकी 149 चेंडू झेलले, म्हणजे ऐंशी टक्क्यांहून थोडे अधिक, आणि एका हंगामातील झेलांचा तो विक्रम ठरला. त्याचे हात उत्तम होते यात शंका नाही. परंतु त्या हंगामात त्याच्याकडे चेंडू टाकणाऱ्यांत ड्रू ब्रीझ होता, ज्याचे जवळपास तीन-चतुर्थांश पास ठिकाणावर पोहोचत होते, आणि थॉमसचे बरेचसे रूटही कमी अंतराचे होते. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर एकनाथ सोलकरने फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहून 27 कसोटींत 53 झेल घेतले, ते त्याच्या हातांचे आणि छातीचे काम होतेच. पण फलंदाजाच्या बॅट-पॅडवरून चेंडू सतत तिथे उडवणारे बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन पलीकडून गोलंदाजी करत होते, हेही त्या आकड्यात मिसळलेले आहे. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. मला मात्र फुटबॉलमध्ये त्याचा साफ विसर पडला.

आता मुख्य सापळ्याकडे येतो.

पहिल्या हंगामात मी एक तक्ता तयार केला होता. त्यातला नियम मला फार चोख वाटे: चेंडू रिसीव्हरच्या दोन्ही हातांना लागला आणि तरी सुटला तर ड्रॉप, हातांना लागलाच नाही तर ‘खराब पास’, म्हणजे तो दोष क्वार्टरबॅकच्या खात्यावर. हंगामाच्या मध्यावर माझ्या तक्त्यात अकरा नंबरच्या खेळाडूच्या नावावर 2 ड्रॉप होते आणि ऐंशी नंबरच्या नावावर 6. दोघांची टार्गेट जवळपास सारखी होती. मी अहवालात ठामपणे लिहिले की अकरा नंबरचे हात संघात सर्वांत भरवशाचे आहेत आणि थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्ड मिळवण्याच्या निर्णायक तिसऱ्या प्रयत्नात, चेंडू त्याच्याकडेच जावा. रिसीव्हरच्या कोचनी तो कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि एवढेच विचारले, “ऐंशी नंबरने सोडलेले सहा चेंडू अकरा नंबरकडे गेले असते, तर त्यातल्या कितींना त्याचा हात लागला असता?”

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी सगळी फिल्म पुन्हा लावली. ऐंशी नंबरच्या सहांपैकी चार चेंडू त्याच्या पाठीमागे, गुडघ्याखाली किंवा पूर्ण ताणलेल्या बोटांच्या टोकाशी आलेले होते. धावता धावता कंबर वळवून तो तिथवर पोहोचला होता, चेंडू बोटांना लागून निसटला होता, आणि मी इमानेइतबारे त्याच्या नावापुढे ड्रॉप लिहिला होता. मग मी अकरा नंबरचे ‘खराब पास’ उघडले. तशाच जागी आलेल्या, विशेषतः मैदानाच्या मध्यभागी जिथे समोरून सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) धावत येत असतो तिथल्या चेंडूंसाठी अकरा नंबरचे हात वर आलेच नव्हते, किंवा कोपरे बरगड्यांना चिकटलेलीच राहून अर्धवट पुढे आले होते. याला इथे ‘ॲलिगेटर आर्म्स’ म्हणतात, म्हणजे मगरीसारखे आखूड हात. चेंडू त्याच्यापासून वीतभर अंतरावरून निघून गेला होता आणि माझ्या नियमाने त्याचा ठपका बिचाऱ्या क्वार्टरबॅकवर गेला होता.

हे पुन्हा सांगतो, कारण मला ते एकदा ऐकून कळले नसते. हात लागणे ही दोषाची अट केली की, हात न लावणारा माणूस आपोआप निर्दोष ठरतो. जो हात पुढे करतो त्याचीच चूक मोजली जाते. जो करत नाही त्याचे चेंडू मोजणीच्या बाहेर राहतात. ड्रॉपची टक्केवारी काढताना काही ठिकाणी खाली भागायला ‘झेल अधिक ड्रॉप’ ही बेरीज घेतात. ज्या चेंडूसाठी हात उचललाच नाही तो चेंडू वरही नसतो आणि खालीही नसतो. म्हणजे भित्र्या रिसीव्हरचा आकडा केवळ स्वच्छ दिसतो असे नाही, तो दर आठवड्याला अधिक स्वच्छ होत जातो. तुम्ही स्वतः कितीही प्रामाणिकपणे मोजले तरी या नियमातून हेच निष्पन्न होणार. संख्याशास्त्र शिकत असूनही मला हे दिसले नाही, याची टोचणी अजून जात नाही.

यंत्रांनी हा प्रश्न सुटेल असे वाटत असेल तर तेही तपासून पाहावे. एनएफएलमध्ये खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये आणि चेंडूतही चिप असते, आणि त्यावरून चेंडू पोहोचला तेव्हा बचावपटू किती दूर होता, पास पूर्ण होण्याची शक्यता किती होती, हे काढता येते. ही माहिती फार मोलाची आहे आणि ती वापरायला शिकलेच पाहिजे. पण चिप खांद्यांत आहेत. तळहात कुठे होते ते खांदा सांगत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

त्यानंतर मी जी पद्धत धरली ती कंटाळवाणी आहे, पण तिने मला पुन्हा तोंडघशी पाडले नाही. ऑल-ट्वेंटीटू, म्हणजे मैदानावरचे बावीसही खेळाडू एकत्र दिसणारी, फिल्म घ्यावी, कारण टीव्हीवरचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि रिसीव्हरने चेंडू कधी पाहिला हे त्यात हरवते. हात नीट पाहायचे तर एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागून घेतलेला कोन लावावा. चेंडू रिसीव्हरपासून साधारण एक यार्डावर असताना फिल्म थांबवावी आणि निकाल पाहण्याआधीच तीन नोंदी कराव्यात: चेंडू शरीराच्या कोणत्या बाजूला व किती उंचीवर येतो आहे, हात निघाले आहेत का, आणि हा चेंडू या पातळीच्या खेळाडूने झेलायला हवा का. मगच पुढे जावे. झेल झाला हे ठाऊक असले की कोणताही चेंडू सोपा दिसू लागतो आणि सुटला हे ठाऊक असले की ‘पास जरा मागे होता’ असे आपले आपणच पुटपुटू लागतो. फिल्म थांबवून आधी लिहिणे हाच यावरचा एकमेव उपाय मला सापडला आहे. एका सामन्याला तीन तास लागतील. लागू द्यावेत.

हात प्रत्यक्ष कसे पाहावेत, याबद्दल थोडेसे. चेंडू छातीच्या वर आला तर अंगठे एकमेकांजवळ येऊन बोटांचा चौकोन व्हायला हवा; कमरेखाली आला तर करंगळ्या जवळ यायला हव्यात. कमरेच्या आसपास आलेला चेंडू सर्वांत अवघड, कारण हात कसे वळवायचे हे तिथे क्षणात ठरवावे लागते. जाणकार रिसीव्हर हात उशिरा काढतो, कारण लवकर काढलेले हात बचावपटूला चेंडूची खबर देतात आणि धावही मंदावतात. चेंडू बोटांत थांबतो की छातीवर आपटून मग कवटाळला जातो, हे प्रत्येक वेळी टिपावे. सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला उभे राहायला मिळाले तर कान उघडे ठेवावेत: पॅडवर आपटणाऱ्या चेंडूचा ‘थप्’ असा पोकळ आवाज दहा पावलांवरून ओळखू येतो, आणि चांगल्या हातांत शिरणाऱ्या चेंडूचा जवळजवळ आवाजच होत नाही. हातांआधी डोळे पोहोचतात, हेही विसरू नये. फिट्झजेराल्डचे आजोबा शिकागोत दृष्टितपासनीस होते आणि नातवाकडून त्यांनी लहानपणापासून नजरेचे व्यायाम करून घेतले होते.

बाकीच्या गोष्टींवर माझे मत तिखट आहे. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये येऊ पाहणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक चाचणीत, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा मोजतात, आणि दरवर्षी त्या पाव-पाव इंचावरून पाने भरून लिहिले जाते. ते वाचण्यात वेळ घालवू नये. मैदान आडवे धावत दोन्ही बाजूंनी आलेले चेंडू झेलायची गॉन्टलेट कसरत पाहण्याजोगी आहे, पण तिथे अंगावर येणारा सेफ्टी नसतो, त्यामुळे अकरा नंबर तिच्यात पहिला आला असता. एका हाताने घेतलेल्या झेलांच्या चित्रफितींवरून हात पारखणारे लोक मला सहन होत नाहीत. ओडेल बेकहॅमने 23 नोव्हेंबर 2014 च्या रात्री डॅलसविरुद्ध घेतलेला झेल विलक्षणच होता, पण भरवसा ही गोष्ट दहाव्या यार्डावरच्या पन्नास नीरस चेंडूंत दिसते. तीन आठवड्यांत ‘स्काउट’ बनवणाऱ्या महागड्या अभ्यासक्रमांविषयी तर विचारूच नये. मार्गदर्शक निवडता आला तर तुमच्या कागदाचे कौतुक करणाऱ्यापेक्षा तो घडी घालून खिशात ठेवणारा निवडावा. त्रास होईल, पण वर्ष वाचेल.

हे सारे वाचून घाबरायला झाले असेल, तर थोडा दिलासाही देतो. चुका सर्वांच्या होतात आणि त्यातल्या बऱ्याच तुमच्या नसून लहान आकड्यांच्या असतात. समजा, एखादा रिसीव्हर झेलता येण्याजोग्या शंभर चेंडूंपैकी सरासरी पाच सोडतो. हात अजिबात न बदलता, केवळ योगायोगाने, त्याचे ड्रॉप चारपैकी सुमारे तीन हंगामांत 3 ते 7 यांच्या दरम्यान येतील आणि उरलेल्या हंगामात त्याबाहेर जातील. म्हणजे यंदा 3 आणि पुढच्या वर्षी 7 झाले, तर बातमी देणारे ‘हात बिघडले’ म्हणतील. तुम्ही म्हणू नये. याउलट, हात खरोखर सुधारतातही. ग्रीन बेच्या डेव्हान्टे ॲडम्सला 2015 मध्ये ड्रॉपवरून पुष्कळ ऐकून घ्यावे लागले होते, आणि 2020 मध्ये त्याच खेळाडूने 115 झेल आणि 18 टचडाउन केले. तेव्हा पहिल्या अहवालात ‘नक्की’ हा शब्द वापरू नये, आणि चुकला तरी काम सोडू नये. माझा दुसऱ्या हंगामातला अहवाल कोचनी घडी न घालता परत दिला, एका ओळीखाली रेघ मारून. ती ओळ चुकीचीच होती.

सरावासाठी एकच चेंडू सुचवतो. 5 फेब्रुवारी 2012, सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना), न्यू इंग्लंड 17-15 असा पुढे, सुमारे चार मिनिटे बाकी. त्यांच्या क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा पास मोकळ्या असलेल्या वेस वेल्करकडे येतो, जरा उंच आणि धावेच्या उलट खांद्याकडे. वेल्कर हवेत वळतो, चेंडू दोन्ही हातांना लागतो आणि सुटतो. पुढे न्यूयॉर्क जायंट्सने सामना 21-17 असा जिंकला. त्या हंगामात 122 झेल घेऊन वेल्कर साऱ्या लीगमध्ये पहिला होता, आणि तो चेंडू आपण घ्यायलाच हवा होता असे त्याने स्वतःच सांगितले. चेंडू त्याच्यापासून यार्डभर असताना फिल्म थांबवावी आणि निकाल ठाऊक असला तरी तो विसरून तीन रकाने भरावेत. मी हे आजवर तीनदा केले आहे. पहिले दोन रकाने तिन्ही वेळा सारखेच भरले गेले. तिसऱ्यात दोनदा ‘हो’ लिहिले, आणि एकदा पेन्सिल बराच वेळ तशीच धरून रकाना कोरा सोडला.