गरोदरपणात रात्री खुबा आणि जांघ दुखते? या चुका टाळा

सातव्या महिन्यात रात्री कूस बदलताना जांघेत कळ येते, पहाटे उठताना खुबा धरतो. घरात सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘होतंच असं, बाळंत झालीस की थांबेल.’ हे ऐकून गप्प बसू नका. पाचांतल्या साधारण एकीला हा त्रास होतो, पण म्हणून तो सोसलाच पाहिजे असं नाही.

ओटीपोटाची हाडं पुढे एका आणि मागे दोन सांध्यांनी जोडलेली असतात. गरोदरपणात हे सांधे सैल होतात. पाय फाकले किंवा एकाच पायावर भार आला, की ते दुखतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती उशीची. ती फक्त गुडघ्यांमध्ये घेतली तर वरचं पाऊल खाली लोंबतं, मांडी आत वळते आणि खुबा रात्रभर ताणलेला राहतो. उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचली पाहिजे. त्यासाठी महागडी प्रेग्नन्सी पिलो आणायलाच हवी असं नाही. लोड किंवा घट्ट गुंडाळलेली गोधडी पुरते. पोटाखाली चादरीची घडी सरकवा. पातळ सतरंजीवर झोपत असाल तर अंगाखाली जाड गोधडी दुहेरी घाला, म्हणजे खालचा खुबा दबणार नाही.

‘डावीच कूस’ हा हट्टही सोडा. २८ आठवड्यांनंतर झोपताना पाठीवर न झोपता कुशीवर झोपावं, एवढं महत्त्वाचं. उजवी कूसही चालते. एकाच कुशीवर रात्र काढली तर तो खुबा बोलणारच.

कूस बदलताना गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवा आणि खांदे, कंबर, गुडघे एकदमच वळवा. उठताना आधी कुशीवर या, दोन्ही पाय मिळून खाली सोडा, मग हातांनी रेटा देऊन बसा.

रात्रीच्या दुखण्याचं मूळ पुष्कळदा दिवसात असतं. नॉर्मल डिलिव्हरीसाठी उकिडवं बसून फरशी पूस, असं सांगणाऱ्या पुष्कळ भेटतात. सांगण्यामागे माया असते, तरी सांधा दुखत असताना हे करू नका. मांडी घालून बसणंही तेवढ्यापुरतं थांबवा. सलवार बसून घाला. पोटाखालचा पट्टा आणि व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्या.

घरातली दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतात. पॅरासिटॅमॉलही डॉक्टरांना विचारूनच.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, ठरावीक वेळाने पोट कडक होणं, ताप, लघवीला जळजळ, एकाच पायाला दुखरी सूज, जांघेत बधिरपणा किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.